सुवार्ता कोणाला सांगायची?

आंजी (मोठी) हे वर्धा-आर्वी रस्त्यावरचे माझे गाव. धाम नदीच्या काठचे, कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणारे. आयुष्यभर शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतर येथेच राहिलो. गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. एके रात्री वाचन संपल्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला नाही? मोबाईलवर तर सांगतात, येशूपुढे जात नसते.”

सभेत कुजबुज झाली. एक तरुण कार्यकर्ता तडकून म्हणाला की असले प्रश्न विहारात नकोत. त्यावर मागच्या रांगेतली एक म्हातारी बोलू लागली. “कावून नको? माही नात तापानं फणफणली होती. दवाखान्यात कोनी इचारलं नाई. तुमच्यातलंबी कोनी आलं नाई, गुर्जी. तो प्रार्थनावाला पोट्टा रातभर तिच्या उशाशी बसला. मंग मी त्याले वाईट कशी म्हनू?”

त्या रात्री मी दोघींनाही धड उत्तर देऊ शकलो नाही. मुलीचा प्रश्न विचाराचा होता, म्हातारीचा आचाराचा. दोन्ही प्रश्न एकच आहेत, हे पुढे वाचन करताना माझ्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोघींना दिलेले उशिराचे उत्तर. आपल्या चळवळीतल्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांनाही त्याचा काही उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

सुवार्तावादी म्हणजे कोण?

प्रथम शब्द स्पष्ट केला पाहिजे. ख्रिस्ती म्हटले की आपण सर्वांना एकाच माळेत ओवतो. रोमन कॅथलिक वेगळे, जुन्या मिशनांतून उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या वेगळ्या, आणि ज्यांना ‘इव्हँजेलिकल’ म्हणतात तो प्रवाह आणखी वेगळा. हा प्रवाह कोणत्याही एका पंथात मावत नाही. अनेक पंथांतून तो वाहतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आनंदाची बातमी. मराठी ख्रिस्ती तिला शुभवर्तमान किंवा सुवार्ता म्हणतात, म्हणून मी या प्रवाहाला येथे सुवार्तावादी म्हणतो.

त्याची चार लक्षणे अभ्यासक सांगतात. बायबल हाच अंतिम आधार; येशूचे वधस्तंभावरील मरण हाच तारणाचा मार्ग; प्रत्येक व्यक्तीने स्वतः पश्चात्ताप करून ‘नवा जन्म’ घेतला पाहिजे; आणि ज्याला सुवार्ता मिळाली त्याने ती दुसऱ्याला सांगितलीच पाहिजे. शेवटचे लक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सांगणे हे ज्याचे धर्मकर्तव्य, त्याला सांगण्याचे साधन लागते. म्हणून छापखाना, जादूचा कंदील, रेडिओ, चित्रपट, दूरदर्शन आणि आता मोबाईल, यांपैकी प्रत्येक साधन या प्रवाहाने उत्साहाने हाती घेतले.

मात्र या उत्साहात एक अंतर्विरोध आहे. सुवार्तावाद्याच्या भाषेत ‘जग’ हा शब्द संशयाचा असतो. सिनेमा, नाटक, करमणूक हे सारे जगाचे, म्हणजे मोहाचे. आणि त्याच जगाची साधने वापरून त्याला जगाला वाचवायचे असते. हा पेच त्यांच्यातल्या विचारवंतांनाही जाणवला. १९७६ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत मॅल्कम मगरिज या पत्रकाराने अशी कल्पना मांडली होती की, सैतानाने येशूला दूरचित्रवाणीवरचा वेळ देऊ केला असता तर येशूने तो नाकारला असता. ज्याची स्वतःची हयात दूरचित्रवाणीवर गेली त्या माणसाचे हे मत होते. बहुसंख्य सुवार्तावाद्यांनी ते मानले नाही. त्यांच्या लेखी साधन म्हणजे केवळ नळ. त्यातून कोणतेही पाणी वाहू शकते. नळाची चव पाण्याला लागते की नाही, हा प्रश्न आपण पुढे पाहू.

छापलेल्या पानावर एक मांग मुलगी

मराठी मुलखात या नळाचा आरंभ छापखान्यापासून होतो. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले. याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. हिंदू धर्मावर टीका आणि ख्रिस्ती धर्माचा प्रसार हा त्याचा उघड हेतू होता. तो कोणी लपवला नव्हता.

आणि तरीही, याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग जातीच्या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. वेद जर केवळ ब्राह्मणांचे, तर मग आमचे धर्मपुस्तक कोणते, आणि ज्यांना धर्मपुस्तक नाही ते धर्मरहितच नव्हेत काय, असा तिच्या प्रश्नाचा रोख आहे. तिच्या शब्दांत येशूकडे धावण्याची घाई दिसत नाही. दिसते ती आपल्या माणसांच्या यातनांची रोखठोक नोंद. दलित स्त्रीच्या हातून उतरलेले आणि आज आपल्याला उपलब्ध असलेले हे फार जुने लेखन एका मिशनरी पत्राने छापले. सनातन्यांचे छापखाने तेव्हा ते छापणार नव्हते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मिशनऱ्यांचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. परंतु साधन ज्याचे असते, शब्दही त्याचाच राहतो असे नाही. मुक्ताने मिशनचे पान घेतले आणि त्यावर स्वतःचा प्रश्न लिहिला.

सेगाव, नोव्हेंबर १९३६

आता आमच्याच जिल्ह्यातल्या एका संभाषणाकडे वळतो. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण झाले. लाखो माणसे धर्म सोडणार, ही बातमी जगभरच्या मिशनांपर्यंत पोहोचली. मेथॉडिस्ट मिशनरी पिकेट यांचा भारतातील सामुदायिक धर्मांतरांवरचा ग्रंथ १९३३ मध्येच निघालेला होता. गावेच्या गावे, जातीच्या जाती ख्रिस्ती होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले होते.

नोव्हेंबर १९३६ मध्ये अमेरिकेचे जॉन मॉट सेगावला आले. हेच ते सेगाव, ज्याला पुढे सेवाग्राम हे नाव मिळाले. मॉट हे काही साधे मिशनरी नव्हते. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेचे ते अध्यक्ष. पुढे १९४६ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. गांधीजी त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर सेगावात राहायला आले होते. अस्पृश्यांमध्ये सुवार्ता सांगण्याचा प्रश्न निघाला तेव्हा गांधीजींनी मॉट यांना विचारले की, तुम्ही गाईला सुवार्ता सांगाल काय? काही अस्पृश्यांची समज गाईहूनही कमी आहे, आणि इस्लाम, हिंदू व ख्रिस्ती धर्मांचा तरतमभाव त्यांना गाईइतकाच कळतो, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे संभाषण डिसेंबर १९३६ मध्ये त्यांच्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापून आले. टीका झाल्यावर त्यांनी खुलासा केला की, आपल्या मनात अवहेलना नव्हती, आणि हे विधान केवळ हरिजनांनाच नव्हे तर एकंदर भारतीय जनसामान्यांनाही लागू आहे.

खुलासा नोंदवणे हे आपले कर्तव्य आहे. पण खुलाशाने मूळ प्रश्न सुटत नाही. सेगावात तेव्हा मोठी वस्ती अस्पृश्यांचीच होती. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ती माणसे काही पावलांवर राहत होती. त्यांना कोणी बोलावले नाही. आणि ज्या महारांना धर्माधर्मांतला फरक कळत नाही असे म्हटले गेले, ते सहा महिन्यांपूर्वीच मुंबईत परिषद भरवून धर्माची चिकित्सा ऐकून गेले होते.

येथे सुवार्तावाद्यांची बाजू एका अर्थाने उजवी होती, हे मान्य केले पाहिजे. अस्पृश्य माणसाला आत्मा आहे, त्याला बुद्धी आहे, त्याला निवड करता येते, असे मानल्याशिवाय सुवार्ता सांगताच येत नाही. परंतु त्यांच्याही चर्चेत अस्पृश्य हा कर्ता नव्हता, तो पीक होता. ‘पीक तयार आहे’ ही मिशनच्या भाषेतली आवडती प्रतिमा. पिकाला कोणी विचारत नाही की तुला कोणाच्या खळ्यावर जायचे आहे.

त्या काळात तिसरे एक पत्र होते. १९३० मध्ये सुरू झालेले बाबासाहेबांचे ‘जनता’. ‘हरिजन’मध्ये अस्पृश्यांविषयी लिहिले जाई, मिशनच्या पत्रांत अस्पृश्यांसाठी लिहिले जाई, ‘जनता’त अस्पृश्य स्वतः लिहीत होते. धर्म आणि प्रसारमाध्यम यांचा विचार करताना हा भेद आपण पक्का ध्यानात ठेवला पाहिजे.

भिंत तशीच ठेवणारा पूल

याच मध्य प्रांतात एक सुवार्तावादी सिद्धांत जन्मास आला, आणि तो जगभर गेला. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ मध्ये दमोह येथे झाला. दमोह आणि वर्धा तेव्हा एकाच प्रांताच्या नकाशावर होते. मिशनरी म्हणून त्यांनी अनेक वर्षे छत्तीसगडच्या सतनाम्यांमध्ये काम केले. १९५५ मध्ये त्यांचे ‘ब्रिजेस ऑफ गॉड’ म्हणजे ‘देवाचे पूल’ हे पुस्तक आले, १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर विद्यापीठात त्यांची संस्था सुरू झाली आणि १९७० च्या ग्रंथात त्यांनी आपले तत्त्व नेमके मांडले. ते थोडक्यात असे: माणसांना वंश, भाषा किंवा वर्ग यांची सीमा न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडते, म्हणून प्रत्येक एकजिनसी गटात त्या गटाचीच मंडळी उभी करावी. भारतात या ‘एकजिनसी गटा’चे नाव जात.

मिशनच्या व्यवहाराच्या दृष्टीने हे तत्त्व सोयीचे होते. एकट्यादुकट्या माणसाला त्याच्या जातीतून तोडून मिशनच्या आवारात आणले की तो पोरका होतो, हे मॅकगॅव्हरन यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांची ही तक्रार खरी होती. परंतु निष्कर्ष काय निघाला? मांगांची मंडळी मांगांची राहील, महारांची महारांची राहील, आणि वरच्या जातीतून आलेल्या ख्रिस्त्याला यांच्या शेजारी बसण्याची सक्ती असणार नाही. पूल बांधला गेला, पण भिंत पाडण्याचे काम लांबणीवर पडले.

बाबासाहेबांनी धर्मांतराची कल्पना नेमकी उलट्या टोकाने मांडली होती. ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ या निबंधात त्यांनी धर्म ही सामाजिक शक्ती आहे असे सांगितले. अस्पृश्याचे दुःख त्याच्या एकाकीपणात आहे. दुसऱ्या समाजाशी आप्तभाव जोडल्याशिवाय तो संपणार नाही. म्हणजे धर्मांतर करायचे ते सीमा ओलांडण्यासाठीच. सीमा न ओलांडता होणारे धर्मांतर ही त्यांच्या दृष्टीने वदतोव्याघाताची गोष्ट ठरली असती.

सुवार्तावाद्यांत या प्रश्नावर एकमत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांची जागतिक परिषद भरली. सुमारे दीडशे देशांतून माणसे आली होती. इक्वेडोरचे रेने पादिया यांच्यासारख्या लॅटिन अमेरिकन वक्त्यांनी तेथे विचारले की, अन्यायाविषयी मौन पाळणारी सुवार्ता ही सुवार्ता कशी? परिषदेच्या करारात सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय कृती ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये आहेत असे नमूद झाले. भारतात, सुवार्तावाद्यांच्या वर्तुळाबाहेर, १९८१ मध्ये बंगलोर येथे अरविंद निर्मल या मराठी ख्रिस्ती पंडिताने पीडितांच्या जागेवरून ईश्वरविद्या मांडण्याची हाक दिली. त्यातूनच पुढे दलित ईश्वरविद्या हे नाव रूढ झाले. ख्रिस्ती दलितानेच चर्चमधल्या जातीवर बोट ठेवले, ही आपल्या साहित्यचळवळीशी नाते सांगणारी घटना आहे.

आमिषाचा हिशेब

धर्मांतर म्हटले की आमिषाचा आरोप ठरलेलाच. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. राजधानी नागपूर होती आणि वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून वापर करण्यास कायद्याने बंदी घालावी, तसेच सरकारच्या मान्यतेवाचून धर्मप्रसाराचे साहित्य वाटू देऊ नये, अशा शिफारशी त्यात होत्या. दुसऱ्या शिफारशीचा अर्थ स्वच्छ आहे: कोणी काय वाचावे हे सरकारने ठरवावे. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदा झाला, आणि १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, संविधानाच्या २५व्या अनुच्छेदातील प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली.

आता १९५६ सालीच नागपुरात काय घडले ते पाहा. १४ ऑक्टोबरला लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली. त्यांना कोणी दवाखाना दिला नव्हता, शाळा दिली नव्हती, परदेशातून पैसा आला नव्हता. उलट, अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशामुळे बौद्ध होणारा माणूस केंद्राच्या सवलतींना मुकत होता. शिखांचा त्या आदेशात १९५६ मध्ये समावेश झाला, बौद्धांचा व्हायला १९९० साल उजाडले. आणि त्या दिवशी दीक्षा घेणाऱ्या नामवंतांत स्वतः भवानीशंकर नियोगीही होते! ज्यांच्या अहवालाचा आधार घेऊन आज धर्मांतरावर बंधने मागितली जातात, त्यांनीच स्वतः धर्मांतर केले होते, ही गोष्ट आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावी.

ख्रिस्ती झालेल्या दलितांचा हिशेबही असाच आहे. त्यांना त्या आदेशात स्थान दिले गेले नाही. हा प्रश्न २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोगाकडे सोपवण्यात आला. चर्चमध्ये जात भोगायची आणि कागदावर ती नसल्याचे ऐकायचे, ही त्यांची स्थिती. जो धर्मांतराने गमावतो त्यालाच आमिषाला भुललेला म्हणणे, हा विचार सेगावच्या गाईहून फार पुढे गेलेला नाही. माणसाला निवड कळत नाही, हेच त्याचेही गृहीतक.

साक्ष आणि आत्मकथन

आता त्या मुलीच्या हातातल्या मोबाईलकडे येतो. माझ्या लहानपणी, १९७० नंतर, रात्री ट्रान्झिस्टरचा काटा फिरवताना लघुलहरींवर ख्रिस्ती कार्यक्रम लागत. हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवरून फेबा या संस्थेने १९७० मध्ये भारताच्या दिशेने प्रसारण सुरू केले होते. १९७८ मध्ये ‘करुणामयुडू’ हा तेलुगू चित्रपट आला. त्याची ‘दयासागर’ ही हिंदी आवृत्ती प्रक्षेपक आणि पडदा घेऊन गावोगाव दाखवली गेली. १९७९ चा ‘जीझस’ हा चित्रपट शेकडो भाषांत बोलता झाला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा शासनाचा पडदाही देव्हारा झाला. म्हणजे पडद्यावर धर्म आणणारे केवळ ख्रिस्तीच होते, असा आव कोणी आणू नये.

मोबाईलवरच्या चित्रफिती मी त्या मुलीकडूनच मागून घेतल्या आणि लक्षपूर्वक पाहिल्या. त्यांचे दोन प्रकार आहेत: ‘चंगाई’ म्हणजे रोगमुक्तीच्या सभा, आणि ‘साक्ष’. चंगाईविषयी माझे मत स्पष्ट आहे. औषध सोडायला लावणारी प्रार्थना असो की मांत्रिकाचा अंगारा, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा निकष दोघांनाही एकच असला पाहिजे. त्या प्रार्थनावाल्या तरुणाने मात्र म्हातारीच्या नातीची औषधे बंद करायला सांगितली नव्हती. तो फक्त बसून राहिला होता.

साक्षीचा विचार साहित्याच्या अंगाने केला पाहिजे. साक्ष म्हणजे माणसाने उभे राहून आपल्या आयुष्याची हकीकत सांगणे. तिचा साचा ठरलेला: मी पापी होतो, दारूत बुडालो होतो, घरात भांडणे होती, मग येशू भेटला आणि सारे पालटले. दलित आत्मकथनही याच अर्थाने साक्षच आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये. येथेही माणूस उभा राहून आपली हकीकत सांगतो, आणि आपली लाजही झाकत नाही. मग फरक कोठे? साक्षीत आरोपी मी स्वतः असतो, माझे पाप. आत्मकथनात आरोपी समाजव्यवस्था असते. साक्ष दुःखाचे मूळ माझ्या अंतःकरणात शोधते, आत्मकथन ते गावकुसाच्या रचनेत शोधते.

दारू सोडणाऱ्या माणसाचे घर सावरते, हे मी गावात पाहिले आहे. त्याची टिंगल करण्याचा मला अधिकार नाही. परंतु मजुराची मजुरी कोणी बुडवली, मुलगी शाळेतून का काढावी लागली, दवाखान्यात तिला कोणी का विचारले नाही, हे प्रश्न या साक्षींत येत नाहीत. त्या पाच मिनिटांच्या चौकटीला ते परवडतही नाहीत. नळाची चव पाण्याला लागते ती अशी. पुन्हा, मोबाईलचे यंत्र ज्याला जे आवडते तेच त्याच्यापुढे वाढत राहते. माणसाला त्याच्या गटातच ठेवते. मॅकगॅव्हरनचे एकजिनसी तत्त्व या यंत्राने न शिकता आत्मसात केले आहे. हे दूषण केवळ ख्रिस्ती चित्रफितींना लावून चालणार नाही. आपल्या जयंतीच्या गाण्यांच्या चित्रफितीही आपल्याच वस्तीत फिरतात.

बाबासाहेबांनी का स्वीकारला नाही?

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. येशूविषयी बाबासाहेबांच्या मनात अनादर नव्हता. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना आपल्यावर प्रभाव असलेल्या दोन पुरुषांत त्यांनी बुद्धाबरोबर ख्रिस्ताचे नाव घेतले. आणि त्याच वेळी, धर्मांतरित ख्रिस्ती समाज आपल्या हक्कांसाठी लढत नाही, हेही सुनावले. शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात या विषयावरचे निबंध आहेत. मिशनऱ्यांची सेवा त्यांनी मोकळेपणाने मान्य केली. पण मिशनच्या शिक्षणाचा लाभ उच्चवर्णीयांनी घेतला आणि चर्चमध्ये जात टिकून राहिली, यावर त्यांनी बोट ठेवले. इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने अस्पृश्य राष्ट्रीय प्रवाहापासून तुटतील, अशी भीतीही त्यांनी १९३६ मध्ये व्यक्त केली होती. त्या मुद्द्याची आज वेगळी चिकित्सा होऊ शकते आणि ती व्हावी.

पण सर्वांत खोलवरचे कारण ज्या ग्रंथाचे वाचन चालू होते त्यातच आहे. बुद्ध हा मोक्षदाता नव्हता, मार्गदाता होता, हा भेद बाबासाहेबांनी तेथे मांडला आहे. सुवार्तावाद्याची सारी श्रद्धा तारणाऱ्यावर उभी असते. बुद्धाने स्वतःला तारणारा म्हणवून घेतले नाही. आपली शिकवणही तपासून घ्या म्हणाला. ज्या समाजाला शतकानुशतके तुला काही कळत नाही असे ऐकवले गेले, त्याला बाबासाहेबांनी असा धम्म दिला, ज्यात कळणे हीच पहिली अट आहे. सेगावच्या त्या प्रश्नाला दिलेले हे वीस वर्षांनंतरचे उत्तर होते, असे मी समजतो.

म्हातारीचे उत्तर यापेक्षा अवघड आहे. तिला मार्गदाता आणि मोक्षदाता यांतला भेद समजावून सांगता येईल; पण त्या रात्री तिच्या नातीजवळ मार्ग दाखवणारा कोणीही नव्हता. मैत्री आणि करुणा हे शब्द आम्ही विहारात रोज उच्चारतो. ज्या तरुणाने ते शब्द न उच्चारता आचरले, त्याच्यावर बहिष्कार घालण्याची भाषा आमच्यातल्या काहींनी केली, तेव्हा मी विरोध केला. माणसाने कोणता धर्म घ्यावा हे त्याने ठरवावे. तो हक्क आपण १९५६ मध्ये वापरला आहे. दुसऱ्याला तो नाकारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आंजीत आम्ही दोन लहान गोष्टी सुरू केल्या आहेत. वस्तीतले कोणी दवाखान्यात असले की रात्री जवळ बसायला कोण जाणार, याची यादी विहाराच्या भिंतीवर लागते. आणि महिन्यातून एकदा मुले आपापल्या मोबाईलवरची एखादी धार्मिक चित्रफीत, मग ती कोणत्याही धर्माची असो, सर्वांसमोर दाखवतात आणि चार प्रश्न विचारतात: बोलतो कोण, कोणासाठी बोलतो, दुःखाचा दोष कोणावर टाकतो आणि काय सांगायचे टाळतो? पहिल्या बैठकीला ती मुलगी आली, तो तडकलेला कार्यकर्ता आला, आणि बोलावल्यावरून प्रार्थनावाला तरुणही आला. वाद बराच झाला. म्हातारी दाराशी बसून ऐकत होती. निघताना तिने यादीकडे बोट दाखवले आणि विचारले, “गुर्जी, यात त्या पोट्ट्याचं नाव टाकलं का?”

टाकले नव्हते. दुसऱ्या दिवशी टाकले.